टाकीत किती पाणी

एकतीस वर्षं मी दोंडाईच्यात बंब चालवला
आणि आगीच्या आत एकदाही गेलो नाही.
ड्रायव्हरनं पंपाजवळ उभं राहायचं असतं,
हात व्हॉल्व्हवर, डोळा काट्यावर.
मी पाहिल्या त्या माणसांच्या पाठी.
रज्जाक पिंजारीची रुंद, जरा डावीकडे कललेली.
गुलाब वळवीची, ओल्या शर्टातून मणके मोजता येणारी.
पाठ थबकली की दाब वाढवायचा.
पाठ मागे सरकली
की काही विचारायचं नाही, धावायचं.

साडेचार हजार लिटर.
पूर्ण दाबानं सोडलं तर दहा मिनिटं.
पत्र्याचं घर तेवढ्यात विझतं.
कडब्याची गंजी विझत नाही.
लोक ओरडतात, "पानी सोडा ना भाऊ, पानी!"
जसं काही ते माझ्या खिशात आहे.

कापसाची आग मुकी असते.
निमगूळ रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये
सगळं विझलं म्हणून मालकानं चहा मागवला.
गाठी वरून पांढऱ्याधोप, हाताला गार.
रज्जाकनं एका गाठीला कान लावला.
त्याचा आजा तात वाजवत गावोगाव गाद्या भरायचा;
ते कान याच्याकडे आले असावेत.
"आत चालू शे," म्हणाला.
पट्टी कापली तर गाठीच्या पोटात
लालभडक काहीतरी श्वास घेत होतं.
तीन दिवस आम्ही गाठी फोडत होतो.
चहा कुणी प्यायला, आठवत नाही.

मिरचीच्या वखारीचं सांगू नये.
त्या दिवशी अख्खं गाव रडलं,
व्यापारी, हमाल, पोलीस, कुत्री.
कुणाचं रडणं खरं, कळायला मार्ग नव्हता.

आग नसते तेव्हा
साहेब येणार म्हणून रस्त्यावर पाणी मारायचं.
मे महिन्यात वरच्या मोहल्ल्यात हंडे भरून द्यायचे.
मांजर, अजगर, विहिरीत पडलेला बैल.
आणि सारंगखेड्याच्या पुलाखाली, तापीत,
गुलाबनं किती जणांना वर आणलं ते मी मोजलं नाही.
त्यानं मोजलं होतं.
एका रात्री पिऊन त्यानं मला आकडा सांगितला.
सकाळी म्हणाला, "विसरी जाय भाऊ."
चौदा वर्षं ठेक्यावर होता तो.
दिवाळीचा पगार दिवाळीनंतर आला की हसायचा,
"बंब उशिरा पोचना."

घरी ती दारातच माझे कपडे हुंगायची.
"आज कडबा."
"आज टायर."
"आज किराना दुकान, गूळ बी व्हता."
एकदा हुंगलं आणि काही बोलली नाही.
आमच्या घरीही एक बंब आहे, तांब्याचा,
पोटात आग, भोवती पाणी.
तो तिनं पेटवला, भर उन्हाळ्यात,
आणि दोन बादल्या कढत पाणी न्हाणीत ठेवलं.
ते कपडे मला परत दिसले नाहीत.

मार्चअखेर नारळ मिळाला,
शाल, आणि भिंतीवरचं एक घड्याळ.
ते चार मिनिटं पुढे आहे.
मी तसंच राहू दिलंय.
मोटरसायकल अजून रस्त्याकडे तोंड करून लावतो.
चपलांची टोकं उंबऱ्याकडे.

काल रात्री सायरन गेला,
बस स्टँडवरून, मग मालपूर रस्त्यानं.
चढावर गिअर बदलला तेव्हा कळलं,
नवा पोरगा क्लच लवकर सोडतो.
अंथरुणात बसून मी मोजू लागलो,
दहा मिनिटं. नऊ.
ती झोपेतच म्हणाली,
"टाकी भरेल शे ना?"
"भरेल शे," म्हणालो.
मला काय ठाऊक.