पाच मिनिटं, सातवी क

परिपत्रक आलं : पहिल्या तासाआधी पाच मिनिटं
डोळे मिटून श्वासाकडे लक्ष.
खाली शिक्का, सोबत भरायचा तक्ता.
मी गणिताचा माणूस.
पाच गुणिले दोनशे वीस दिवस, अकराशे मिनिटं,
पस्तीस मिनिटांचे एकतीस तास बुडाले
आणि वर थोडे.

तरी म्हटलं, मिटा.

गंगावेशीतली सकाळची शाळा. इथं गप्प कोण बसतंय?
खिडकीखाली म्हैस रेकते, पेल्यात धार पडते,
तालमीत कुणीतरी शड्डू ठोकतो.
सातपुत्यांचा संग्राम म्हणाला,
"श्वास घावंना सर. पप्पांची हातोडी ऐकू येतीया.
चामड्यावर चार ठोकं, मग एक रिकामा.
तो रिकामा लई भारी वाटतोय."

मेहरीन मिटेचना.
"सुतारवाड्यात पाणी शिरलं तवा
समद्यांचं डोळं मिटलेलंच हुतं, सर."
मला पुढं काही सुचलं नाही.
म्हटलं, तू उघडेच ठेव. तू आमची राखण कर.

बसली मग, हनुवटी बाकावर टेकून,
बंधाऱ्यावरच्या फुटांच्या पट्टीकडे
पावसाळ्यात माणसं बघतात तशी.
पाच मिनिटांनी तिनं अहवाल दिला :
"पोरं बसली हुती. भैरूला झोप लागली.
तुमचंच तेवढं व्हट हलत हुतं,
आणि दोनदा घड्याळ बघितलासा."

वर्ग हसला. मीही हसलो, जरा उशिरानं.
एकतीस तास अजून तोंडातल्या तोंडात
मोजत होतो तर.
दुसऱ्या दिवशी घड्याळ काढून
खडूच्या डब्यात ठेवलं.
अजून त्याच्या पट्ट्याला पांढरी भुकटी आहे.

गुणांचं म्हणाल, तर संग्रामला वीसपैकी नऊ.
आधी आठ होते.
पण दोन छेद तीनमध्ये एक छेद चार मिळवताना
त्याची पेन्सिल सवयीनं तीन छेद सातकडे निघते,
निघते,
आणि टेकायच्या आधी थांबते.
तेवढ्या वेळात मी श्वास धरून उभा असतो
त्याच्या बाकामागं.

तक्त्यात रकाना आहे : विद्यार्थ्यांत दिसलेला बदल.
दोन बोटांची जागा.
त्यात पेन्सिल कशी मावायची?
मी लिहिलं, समाधानकारक.

परवा मेहरीननं एक डोळा मिटला.
दुसरा
माझ्यावर.