हेल्मेट

तीन वाजता शाळेची शेवटची घंटा होते
आणि मार्लीस ओडेगार्डच्या टेबलाशी घोट्यांची रांग लागते.
एकेक पाय तिच्या मांडीवर येतो.
ओल्या मोज्यांचा वास, सोललेल्या नडग्या,
एका टाचेवर पेनानं लिहिलेलं कुण्या मुलीचं नाव.
ती वाचत नाही. पट्टी फिरवते:
खालून वर, टाचेला वेढा, मग आठाचा आकडा,
आणि बोटाच्या एका झटक्यानं तुकडा सुटतो.
टर्र.
एकवीस वर्षं हाच आवाज.
नवऱ्याला म्हणे झोपेतही ऐकू येतो.

नॉर्थ डकोटात ऑक्टोबर म्हणजे
माना टाकलेली, काळी पडलेली सूर्यफुलं,
धान्याच्या कोठारामागे घाईनं बुडणारं ऊन
आणि शुक्रवारची मॅच.
फुटबॉल. तिथला, हातात धरून पळायचा.
अकराशे वस्तीच्या गावातली नऊशे माणसं
गार पत्र्याच्या बाकांवर घोंगड्या पांघरून बसतात.
पेट्रोलपंपाला कुलूप.
पाद्रीबाबासुद्धा पंचाला शिव्या देतात, सभ्य शिव्या.

तिच्याकडे कुणी बघत नाही.
ती बघते. चेंडू नाही,
चेंडू पुढे गेल्यावर मागे जमिनीवर कोण उरलं ते.
किती वेळानं उठलं.
कोणत्या हातावर भार दिला.
उठून आपल्याच माणसांत गेलं का.

त्या रात्री गॅरिक श्माल्ट्झ उठला
आणि समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला,
एकाच्या खांद्यावर हात टाकून,
लग्नातल्या लांबच्या पाहुण्यासारखा.
लोक हसले.
मार्लीस धावली.

पाच शब्द सांगते, लक्षात ठेव.
कंदील. मीठ. शिडी. मांजर. पूल.
आता महिने उलटे म्हण.
डिसेंबर, तो म्हणाला. नोव्हेंबर.
मग बराच वेळ नोव्हेंबरच.
शब्द?
मीठ.
आणि हसला,
चोरून खाताना पकडलेलं पोर हसतं तसा.

तिनं त्याचं हेल्मेट उचललं,
बर्फाच्या पेटीत घातलं,
झाकण लावलं
आणि वर बसली.

प्रशिक्षक लुंडीन आले. चारच गुण हवेत, मार्लीस,
सहा मिनिटं आहेत.
ती म्हणाली, हो.
गॅरिकचे वडील कठड्यावरून वाकून जे बोलले
ते तिनं अजून घरी सांगितलेलं नाही.
त्यांच्या शेजारी तिची सख्खी बहीण उभी होती.
बहिणीनं धावफलकाकडे तोंड फिरवलं.
सहा मिनिटं.
पेटीतला गारठा पँटमधून हाडांत चढत गेला.
ती हलली नाही.

हरले. चारच गुणांनी.

सोमवारी पुन्हा तीन वाजता रांग.
एक शब्द नाही. घोटे आले, घोटे गेले.
टर्र. टर्र.

आपल्याकडे म्हणतात, दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं
आणि मुंगीच्या पावलांनी जातं.
तिथे काय म्हणतात, ठाऊक नाही.
मुंग्या तर ऑक्टोबरातच जमिनीखाली जातात.
गॅरिक तीन आठवडे पडदे ओढून पडून होता,
चमचा खाली ठेवल्याचा आवाजही सोसेना.
मग अर्धा दिवस शाळा. मग पूर्ण.
बर्फ पडला, साचला, त्यावर पुन्हा पडला.

नाताळाआधी, किराणा दुकानात,
ती बटाटे निवडत होती.
मागून आवाज आला:
कंदील. मीठ. शिडी.
ती वळली नाही. हातात बटाटा तसाच.
मांजर.
मग इतका वेळ गेला
की दुधाचा फ्रीज घुरघुरून बंद पडला
आणि पुन्हा सुरू झाला.
पूल, तो म्हणाला.

बरं, ती म्हणाली, आता महिने.

डिसेंबर, त्यानं सुरुवात केली,
आणि ती तो एक बटाटा धरून
जानेवारी येईपर्यंत उभी राहिली.