अकरा सेकंद

हर्णैच्या बंदरात शूटिंग झालं तेव्हा
हसनमियाँ सारंग बावीस वर्षांचा.
त्याला दिला हिरव्या काचांचा चष्मा, गळ्यात ताईत
आणि लाकडी चाकू, चंदेरी रंग फासलेला.
तोवर त्याने चाकूने फक्त सुरमई कापलेली.

संवाद एकच : "माल आ गया, बॉस."
तोही नंतर मुंबईत दुसऱ्याच कुणाच्या घशातून भरला.
ओठ हर्णैचे, आवाज कुठला कोण जाणे.

मासळीवालीच्या कामाला नटी आणली शहरातून.
तिला कासोटा शिकवता शिकवता
द्वारकाबाय पावशेचा अख्खा लिलाव बुडाला.
द्वारकाबाय दिसते, पण मागे, धूसर,
हिरो ज्या बांगड्यांवरून घसरतो
त्या ढिगाच्या पलीकडे.

आणि होडी. 'रहमत' खरवडून 'काली नागिन' लिहिलं.
रंग इतका पक्का की पुढचे दोन हंगाम
ती तशीच गेली पाण्यात,
कस्टमवाले रोज थांबवायचे.

तरी आम्ही हसतो, खोटं कशाला सांगू?
मुकादमांच्या खळ्यात चादर ताणून
दर वर्षी हाच सिनेमा.
कोलंबीच्या टोपलीतून सोन्याची बिस्किटं निघतात
तेव्हा माझंही पोट दुखतं.

फक्त हसनमियाँ आला की
कुणीतरी आवाज बंद करतं,
आणि अंधारातून म्हातारा आपल्या बोलीत म्हणतो,
"माल कसला, बांगडं हायत सगली."

यंदा तो गप्पच राहिला.
चादरीवर त्याचे ओठ हलत होते.
मागून द्वारकाबाय ओरडली,
"अरे बोल ना मेल्या, सीन जातोय!"