भट्टीवरचा माणूस

न्यूशातेलला नोव्हेंबरात सूर्य फक्त वरच्या गावांना.
खाली आमच्यावर धुक्याचं झाकण.
तळं आहे, म्हणतात म्हणून आहे.

सकाळी सहाला मी पिवळ्या खोलीत शिरतो.
तिथे पांढरा उजेड चालत नाही,
दूध नासावं तसा लेप नासतो.

काचेच्या चकतीवर खांब उभे असतात,
केसाच्या जाडीत दोन मावतील एवढे,
सपाट माथ्याचे, करकरीत कडांचे.
मी त्यांना दीडशे अंशांवर ठेवतो आणि मोजत बसतो.
आधी कडा ओशाळतात.
मग एकेक खांब आपलाआप गोल होतो,
ब्रागांसाला आईच्या परसात
कोबीच्या पानावर पहाटे थेंब बसायचा, तसा.
कोणी घासत नाही, कोणी तासत नाही.
मी फक्त दार वेळेवर उघडतो.
दहा सेकंद उशीर झाला
की शेजारी शेजाऱ्यात मिसळतो
आणि चकती डब्यात.
अकरा वर्षांत अशा किती, ते विचारू नका.

नकाशे सिदोनी पेरनूचे.
तिचा बाप घड्याळजी,
डोळ्याला भिंग लावून चाळीस वर्षं वाकलेला;
नीटपणाचं वेड तिथलंच.
पहिली जाळी तिने आखली मधाच्या पोळ्यासारखी,
एकाही भिंगाला कूस बदलायला जागा नाही.
लेझर सोडला.
भिंतीवर उजेड हवा होता सारवल्यासारखा.
पडले ठिपके.
रांगेत, शिस्तीत, आणि मध्ये मध्ये काळोख.
"एवढं सारखं केलं ना," ती म्हणाली, "म्हणूनच."

सारख्या अंतरावरून निघालेल्या लाटा
वाटेत संगनमत करतात:
या पानावर दोनदा वाढायचं,
पलीकडचं पान कोरडं.

मग तीन आठवडे ती आपलीच जाळी उसवत बसली.
हे भिंग जरा डावीकडे, ते जरा बुटकं,
त्याची कड तिरपी.
प्रत्येक चुकीला आकडा, आकड्याला सही.
चकती भट्टीतून निघाली तेव्हा मला वाटलं
माझ्याच हातून बिघडली.
डब्यापर्यंत नेलीसुद्धा.

"आण इकडे."

भिंतीवर चौकोन उमटला,
या कडेपासून त्या कडेपर्यंत
एकच उजेड, कुठे घडी नाही.
हा कुणाच्या तरी घशात उतरणार आहे, नळीच्या टोकाशी,
डॉक्टरला गाठ कुठली आणि सावली कुठली कळावं म्हणून.
सिदोनी बराच वेळ काही बोलली नाही.
मग वही उघडून म्हणाली,
"आदेलिनू, किती सेकंद?"

नव्वद, मी म्हणालो.
वहीतही नव्वदच आहेत.

होते चौऱ्याण्णव.
हातमोजा दाराच्या खिटीत अडकला होता.

तिच्या सगळ्या चुकांना आकडा आहे,
माझ्या एकीला नाही.
सोमवारी दुसरी चकती टाकायची आहे,
ती जुळणार नाही,
आणि सिदोनी रात्र रात्र आपल्या गणितात दोष शोधेल.

अजून शनिवार आहे.
बाहेर तळ्याची कड थोडी दिसतेय.
मी फोन हातात घेऊन उभा आहे.