अर्थिंग

दीड वर्षात तीन बॅटऱ्या.
पहिली लक्ष्मीपुरीतली, दुसरी शाहूपुरीतली,
तिसरी दुकानदारानं बदलून दिली,
वॉरंटीच्या कार्डावर शिक्का मारताना
माझ्याकडं न बघता.

बुलेट अठ्ठ्याऐंशीची.
हेडलाइटच्या डोक्यावर तो छोटा गोल मीटर,
त्याचा काटा
हॉर्न दिला की डावीकडं कलंडायचा
आणि तिथंच बसून राहायचा
रुसलेल्या जावयासारखा.
रात्री रंकाळ्याच्या वळणावर
दिव्याचा उजेड आधी हळदीचा,
मग गुळाचा,
मग नुसतीच काकवी.

शेवटी ढकलत नेली उद्यमनगरात.
लेथच्या दोन शेडमधला बोळ,
तिथं कासम शिकलगारचं दुकान.
दुकान म्हणजे एक स्टूल, एक मीटर,
आणि पत्र्यावर खडूनं :
बॅटरी मिळणार नाही.

लाल काडी, काळी काडी
बॅटरीच्या दोन कानांवर.
"बारा पॉइंट एक. उपाशी हाय. मेली न्हाई."
चालू कर म्हणाले. रेस दे. आनखी दे.
आकडा चौदाकडं जायचा सोडून
बारातच घुटमळला,
चढू का नको करत
पायरीवर थांबलेल्या प्रवाशासारखा.
(एकवीस वर्षं केएमटीत वाहक होतो.
असली माणसं ओळखतो मी.)

म्हणालो, रेग्युलेटर बदलू या का?
सगळे तेच सांगतात.
"सांगनारं लई. बघनारं कोन?"

कॉइलची कपलिंग सोडून बघितली : करंट निघतोय.
फ्यूज शाबूत, पण होल्डरच्या पितळेवर हिरवी बुरशी,
ती खरवडली.
सहाही खणांत टॉर्च मारून पाणी बघितलं.
वायरी एकेक करून वाकवल्या,
बांगड्या घेताना बायका बोटं फिरवतात तशा.
शेजारच्या शेडमधनं लोखंडाचा कीस उडत होता,
चहा आला, गार झाला.

मग काळी काडी मायनसवर
आणि लाल काडी चेसीवर.
माझ्या चेसीवर,
जिला गेल्या दिवाळीत शिरोलीच्या भट्टीत भाजून
नऊ हजारांचा काळा रंग चढवला होता,
गल्लीतली पोरं त्यात बघून भांग पाडायची.

"हितं शून्य याय पायजे," कासमभाई म्हणाले.
शून्य येत नव्हतं.
पोपडे नाहीत, गंज नाही, कुठं ओरखडा नाही,
आणि शून्य येत नव्हतं.

"गाडीला अर्थ लागंना झालाय, पाव्हनं."

सीटखालचा एक बोल्ट सोडला,
कधी कुणी न बघितलेला.
पॉलिशपेपर घेऊन बसले.
खर्र. खर्र.
माझ्या दाताखाली वाळू.
चाराण्याएवढा रंग गेला,
मग रुपयाएवढा,
खाली लोखंड निघालं,
राखाडी, उघडं, जरासं लाजल्यासारखं.
तसंच रेग्युलेटरच्या बुडाखाली.

शाळेत होतं की हे.
वाहक, दुर्वाहक.
एकवीस वर्षं छातीवर बिल्ला लावून
मी लोकांना पुढं सरका, पुढं सरका म्हणत राहिलो
आणि दारात आडवा
माझाच रंग.

किक मारली.
काटा सवयीनं डावीकडं गेला,
थरथरला,
मग उठून मधल्या रेघेवर आला,
मग पलीकडं.
मी काही बोललो नाही.
त्या तीन बॅटऱ्यांना मी काय काय बोललो होतो
ते आठवत होतं.

"साठ रुपयं."
आणि बॅटरी?
"तीच. रात्री चार्जिंगला लाव, पोट भरू दे तिचं."
मी हळूच विचारलं,
ह्याच्यावर परत नुसता एक हात रंगाचा?
त्यांनी माझ्याकडं असं बघितलं,
तिकीट फाडून हातात दिल्यावर
तिकीट द्या म्हणणाऱ्याकडं
मी बघायचो तसं.
"व्हॅसलीन लाव."

आता घरी फळीवरचे डबे उचकटतोय.
शशिकला आतनं विचारतेय,
तुमच्या टाचा कवापासनं फुटाय लागल्या?