कलम नऊ

घाटंजीहून भाऊंचा माणूस आला.
अर्धा चहा तसाच ठेवून म्हणाला,
"नावं कायले पाह्यजेत, बाई?
कोलाम, पारधी, तृतीयपंथी, अपंग...
'सर्व' लिवा नं. सर्वांत सारेच येतात."
हॉलची परवानगी, धर्मादायची तारीख,
यातलं काही बोलला नाही.
बोलायची गरजच नव्हती.

बैठक साडेतीन तास चालली.
ठमके सर म्हणाले, कागदावरून काढू,
कामातून थोडंच काढतोय.
कोणी वर पाहिलं नाही.
सकाळपासून लाइट नव्हती, पंखा उगाच वर.
शेवटी ताई माझ्याकडे वळल्या,
"इंदू, तेवढं पान नवीन करून आण."

बॅटरी एकोणीस टक्के.
'कोलाम'च्या मागे कर्सर लुकलुकत उभा.
म गेला.
ला गेला.
को उरला,
कोण विचारता विचारता
कोणी मधेच गप्प व्हावं तसा.

बारा वर्षांपूर्वी पोडावर हाच कागद आला होता.
गुरुजींनी झाडाखाली मोठ्यानं वाचला.
'सर्वांना कळविण्यात येते की'
ही दवंडी तर गावात नेहमीचीच,
ती ऐकून आमच्यातलं कोणी उठत नाही.
त्या दिवशी आमचं नाव आलं.
माय हातातलं सूप ठेवून म्हणाली,
"जाय."

रात्री आठला लाइट आली.
पान छापलं, जुनंच, कानामात्रेसकट,
ताईंपुढे ठेवलं.
त्या बराच वेळ वाचत राहिल्या.
चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
मग एवढंच विचारलं,
शिक्का कुठंय?

मागच्या दारी झेलाबाई पवार
तो अर्धा चहा तुळशीपासून लांब ओतत होती.