पाय मोडका म

रविवारी रात्री सव्वानऊला, सातपूरला,
व्हॉल्व्हच्या कारखान्यात, कॅन्टीनमागच्या खोलीत
मी सर्व्हरला नवी आवृत्ती दिली
आणि तो मुका झाला.

मुका म्हणजे असा:
नाव विचारतो, पासवर्ड घेतो,
दार किलकिलं करतो
आणि आतल्या आत कोसळतो.
सेगमेंटेशन फॉल्ट. एवढंच.
खिडकी बंद.
पुन्हा. पुन्हा तेच.

अकराला तिसरी पाळी. लेबलं छापणारं यंत्र
याच शेलमधून हुकूम घेतं.
बोडके वॉचमन दोनदा डोकावून गेला,
"मॅडम, चहा सांगू, की घरी कळवताय?"

घरची कुठलीही फाईल न वाचता ऊठ,
असं सांगून पाहिलं.
उठला. शहाण्यासारखा.
म्हणजे दुखणं घरच्या कागदातलं:
दोनशे बारा ओळी, गायधनींनी लिहिलेल्या,
निवृत्तीआधीच्या अठरा वर्षांत.
पहिल्या अर्ध्यांना गप्प बसवलं, तरी पडला.
उरलेल्यांतल्या अर्ध्यांना, तेव्हा चालला.
बेदाण्यातले देठ निवडावेत तशी निवडत गेले
आणि चिमटीत आली
एकशे एकतिसावी ओळ.

प्रॉम्प्टची.
जिथे बाकी जगात नुसती खूण लुकलुकते
तिथे गायधनींनी लिहून ठेवलेलं,
काय म्हणता?
दिवसातून दोनशेदा डोळ्यांखालून जायचं
आणि मी कधी वाचलंच नव्हतं.

पडताना शेलने मागे टाकलेली फाईल उघडली.
शेवटचा श्वास अक्षरांची रुंदी मोजताना गेलेला.
म्ह.
म चा पाय मोडून त्याला ह च्या खांद्यावर टेकवलेलं.
जुना शेल त्याला दोन घरं द्यायचा,
नव्याला कुणीतरी शिकवलं, हे एकच अक्षर.
बरोबरच शिकवलं.
पण मांडणीची वही राहिली जुन्या मापाची,
दोन्ही हिशेब जुळेनात,
आणि शेवटच्या घरापुढे त्याने पाऊल टाकलं
जिथे जमीन नव्हती.

साडेदहाला गायधनींना फोन लावला, उपनगरला.
मागे टीव्हीवर कुस्त्या चाललेल्या.
उचलला आणि म्हणाले,
"काय म्हणता?"
मला हसू फुटलं, मग मिनिटभर सांगताच येईना.

ऐकून घेतलं सगळं. म्हणाले,
"काढून टाका की. तेव्हा मशीनवरची पोरं
इंग्रजी पडद्याला हात लावायला भ्यायची, म्हणून लिहिलं.
आता कोण भितंय?"
आणि मग, "खोलीत गारठा असेल.
दाराआड माझा स्वेटर आहे बघा."
होता.

काढली नाही ती ओळ. पुढे एक जाळीची खूण ठेवून
झोपवली.
ज्यांनी शेल लिहिला त्यांना कळवायचंय,
एक घर वाढवा म्हणून.
म्ह म्हणजे काय, ते कसं कळवायचं
याचा विचार स्वेटरच्या बाह्या दुमडता दुमडता केला,
सुचलं नाही.
पडद्यावर आता नुसता डॉलर,
नोटा छापणाऱ्या गावात.

अकराला पाच कमी असताना यंत्र गुरगुरलं.
पहिलं लेबल: तारीख, बॅच, नाशिक.
तिसऱ्या पाळीचा पिंगळे खुर्चीत टेकला,
पडद्याकडे बघत राहिला.
"हा आज बोलत का नाही?"
"पाय मोडलाय त्याचा," म्हटलं,
"बरा होईतो चालवून घ्या."